वळिवड्याची छावणी आणि आपला अतिथिधर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवाच्या सायंसभेत प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सव म्हटला की मागे वळून पाहणे ओघानेच येते. गेल्या आठ दिवसांत या व्यासपीठावरून पुष्कळ जुन्या गोष्टी निघाल्या. कोणी पहिल्या वेदीची हकिकत सांगितली, कोणी घंटा कशी आणली ते सांगितले, कोणी दिवंगत धर्मगुरूंच्या आठवणी काढल्या. हे सर्व यथायोग्यच झाले. परंतु ज्या धर्मग्रामाजवळ केवळ स्वतःच्या घरच्याच आठवणी आहेत, त्याचा इतिहास अर्धाच लिहिला गेला असे आम्हांस वाटते. आपल्या दाराशी कोण आले, आणि आलेल्याशी आपण कसे वागलो, हा त्या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग होय. म्हणून आज आम्ही आपणांस या शहरापासून अवघ्या काही मैलांवर घडलेली एक गोष्ट सांगणार आहोत. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी ती ऐकलेली आहे. तरुणांपैकी बहुतेकांनी ऐकलेली नाही. आणि ज्यांनी ऐकली आहे त्यांचेही तिच्यातील मुख्य मर्माकडे लक्ष गेलेले नाही, अशी आमची समजूत आहे.

कोल्हापुराहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ सालच्या मध्यास, या माळावर पोलंड देशातील निर्वासितांची एक छावणी वसली. तीत पुढे सुमारे ५,००० माणसे राहिली, आणि त्यांत बहुतेक सर्व स्त्रिया व मुले होती. पंचगंगेच्या काठी, उसाच्या व शाळूच्या शेतांमध्ये, गोऱ्या वर्णाचे आणि निळ्या डोळ्यांचे एक गावच्या गाव उभे राहिले. ते १९४८ सालापर्यंत नांदले.

ही माणसे इतक्या दूर आली कशी? १९३९ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १ तारखेस जर्मन सैन्य पश्चिमेकडून पोलंडात शिरले, आणि १७ तारखेस रशियन सैन्य पूर्वेकडून शिरले. जात्यात दाणे सापडावेत तसे ते राष्ट्र सापडले. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत पूर्व पोलंडातील लक्षावधी लोकांस रात्री-अपरात्री घरांतून उठवून, मालगाडीच्या डब्यांत कोंडून, सैबेरियात व कझाकस्तानात नेण्यात आले. तेथे थंडीने, उपासमारीने आणि रोगराईने किती घरे बुडाली याचा हिशेब आजही पुरता लागलेला नाही. जून १९४१ मध्ये जर्मनीने खुद्द रशियावरच स्वारी केली, तेव्हा राजकारण पालटले. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारने ३० जुलै १९४१ रोजी रशियाशी करार केला आणि या बंदिवानांचे दार उघडले. जनरल अँडर्स यांनी उभारलेल्या सैन्याबरोबर १९४२ साली एक लक्षाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. पुरुष सैन्यात राहिले. पुढे त्यांतील कित्येक १९४४ साली इटलीतील माँते कासिनोच्या लढाईत पडले. मागे राहिल्या त्या माता, वृद्ध आणि मुले. त्यांतील पुष्कळ मुले तर वाटेतच पोरकी झालेली होती.

त्यांना ठेवावे कोठे, हा प्रश्न जगापुढे पडला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली जामनगराजवळ बालाचडी येथे शेकडो मुलांस आश्रय दिला; ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे कुटुंबांसाठी मोठी जागा पाहिजे झाली. रेल्वे जवळ, नदीचे पाणी जवळ, आणि हवा त्या लोकांना सोसवेल अशी जागा कोल्हापूर संस्थानात मिळाली. त्या समयी छत्रपती शिवाजी महाराज हे अल्पवयीन बालक होते आणि राजमाता ताराबाईसाहेब यांच्याकडे राज्यसंरक्षणाची धुरा होती. अशा रीतीने इराणातून कराचीस, आणि कराचीहून या वळिवड्यास, हे लोक येऊन पोचले.

बंधुहो, येथपर्यंतची कथा सर्व सांगतात, आणि शेवटी म्हणतात, "पाहा, कोल्हापूरकरांचे मन किती मोठे!" मन मोठे होते यात संशय नाही. परंतु मोठे मन हे पुष्कळदा फार धोक्याचे असते. ते देते आणि दिलेले विसरत नाही. ते घेणाऱ्यास सुद्धा विसरू देत नाही. वळिवड्याचा धडा केवळ मनाच्या मोठेपणाचा नव्हे. देण्याच्या रीतीचा आहे. ती रीत कशी होती हे आपण नीट पाहू.

पहिली गोष्ट, या लोकांना एका मोठ्या मांडवात गुरांसारखे दाटीने ठेवलेले नव्हते. लांबच लांब बराकी होत्या. वर कौले, भिंती चटयांच्या, बांधकाम साधे. पण प्रत्येक बराकीचे भाग पाडलेले होते आणि प्रत्येक कुटुंबास आपल्या खोल्या, आपली ओसरी आणि आपली चूल होती. दाराला आतून कडी लावता येणे ही आपणांस क्षुल्लक गोष्ट वाटते. ज्या मातेच्या दारावर एके रात्री शिपायांनी लाथ मारली आणि जिला पुढील दोन वर्षे परक्यांच्या नजरेसमोरच उठावे, निजावे, रडावे लागले, तिला त्या कडीचे मोल विचारा.

दुसरी गोष्ट, त्यांच्या हाती पैसा दिला जात असे. एका मोठ्या कढईतून सर्वांना एकच आमटी वाढण्याऐवजी, कुटुंबांना खर्चासाठी नेमणूक मिळे आणि त्या बाया बाजार करून आपल्या चुलीवर आपल्या देशाचे अन्न शिजवीत. आसपासच्या गावांतले लोक भाजी, अंडी, दूध घेऊन छावणीत जात. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ लहानपणी आपल्या वडिलांबरोबर भाजीची पाटी घेऊन तेथे जात असत. ते आम्हांस हसत सांगतात, "फादर, त्या बायका घासाघीस कशी करायच्या म्हणून सांगू! चार दिवसांत मराठी आकडे शिकल्या." आम्हांला त्यांच्या या वाक्यात फार मोठा अर्थ दिसतो. भिकारी कधी घासाघीस करीत नाही. घासाघीस करतो तो गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईकाला विक्रेता 'या, बसा' म्हणतो. घासाघीस करणारी ती विधवा त्या घटकेपुरती निर्वासित नव्हती, घरधनीण होती.

तिसरी गोष्ट, त्यांचे चालविणारे त्यांचेच होते. छावणीत प्राथमिक शाळा होत्या, वरच्या शिक्षणाची शाळा होती. रुग्णालय होते, अनाथालय होते, दुकाने होती, चित्रपटगृह होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती. मुले पोलिश भाषेत शिकत, आपल्या देशाचा इतिहास आणि भूगोल घोकत. जणू उद्याच परत जावयाचे आहे. त्यांचे देवमंदिर होते, त्यांचे धर्मगुरू होते, आणि त्यांच्या भाषेत त्यांची गीते या पंचगंगेच्या खोऱ्यात घुमत. 'आमचे अन्न खाता, तर आमच्यासारखे व्हा,' असे त्यांस कोणी म्हटले नाही.

हे सर्व कोणाच्या खर्चाने झाले, हेही आपण खरेपणाने सांगितले पाहिजे. जागा व आश्रय कोल्हापूर संस्थानचा, व्यवस्थेत हिंदुस्थान सरकारचा हात; परंतु निर्वाहाचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार सोशीत होते. म्हणजे निराश्रित लोक आपल्याच राष्ट्राच्या पैशावर, आपल्याच माणसांच्या कारभाराखाली, आपल्या भूमीवर राहत होते. १९४५ सालच्या जुलै महिन्यात इंग्लंडने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि खर्चाची जबाबदारी दुसऱ्यांकडे गेली, तेव्हा त्या लोकांच्या मनास केवढा धक्का बसला असेल! घर तर पूर्वीच गेलेले. आता ज्याचे नाव घेऊन उभे राहावे ते सरकारही गेले. या खर्चाची गोष्ट सांगितल्याने कोल्हापूरची कीर्ती उणी होते, असे काही जणांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. उलट यजमानाने पाहुण्याला त्याच्या पैशाने, त्याच्या पद्धतीने, त्याच्या मानाने राहू द्यावे, आणि वर 'आम्ही तुम्हांला पोसले' असे म्हणू नये, हाच खरा कुलीनपणा.

या कुलीनपणाचे बीज करवीरच्या मातीत पूर्वीच पडलेले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून या शहरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. परगावच्या गरीब मुलाला केवळ दोन घास न देता त्याला आपल्या म्हणण्यास एक छप्पर द्यावे, ही दृष्टी येथे होती. म्हणून पुढे परदेशचा गरीब आला तेव्हा हे शहर गांगरले नाही.

पवित्र शास्त्रात रूथची कथा आहे. ती आपणांस ठाऊक आहे, पण तिच्यातील एक बारीक जागा आज आम्ही दाखवू इच्छितो. रूथ मवाब देशची, परकी, विधवा. सासूसह बेथलेहेमास येऊन ती दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचू लागली. आपल्याकडे भुईमूग काढून झाल्यावर गोरगरीब बाया रानात मागे राहिलेल्या शेंगांचा सरवा वेचतात, तसाच. मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्यांस आज्ञाच होती की, शेताचे कोनेकोपरे कापू नये, पडलेले पुन्हा गोळा करू नये, ते गरिबांसाठी व परक्यांसाठी असू द्यावे. शेतधनी बवाज याला रूथची दया आली. त्याला एक पोते जव तिच्या दारी टाकता आले असते. सर्व गावात त्याची वाहवा झाली असती. परंतु प्रथम त्याने काय केले? आपल्या गड्यांना गुपचूप ताकीद दिली की, तिला हटकू नका, तिचा पाणउतारा करू नका, आणि पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसे गळू द्या, म्हणजे ती वेचील. संध्याकाळी ती आपल्या घामाचे धान्य झोडून घरी गेली.  मदत कशी करावी याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस अन्यत्र आढळलेले नाही. बवाजाने कणसे गळू दिली, पण रूथची मान खाली जाऊ दिली नाही.

बंधुभगिनींनो, दुसऱ्यांच्या चुका दाखविणे सोपे असते. म्हणून आता आम्ही आमची स्वतःची सांगतो. वळिवड्याच्या लोकांना युद्धाने घराबाहेर काढले. आपल्या लोकांना पाण्याने काढले. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कोणीही विसरणार नाही. पंचगंगेने धोक्याची पातळी कित्येक फुटांनी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, चिखली-आंबेवाडीसारखी गावेच्या गावे बाहेर काढावी लागली. आपल्या धर्मग्रामानेही कंबर कसली. दूरदूरच्या उदार लोकांनी साहित्य पाठविले. आम्ही एका शाळेच्या पटांगणात मेज मांडले, मागे फलक लावला, पूरग्रस्तांची रांग लावली आणि एकेकाच्या हाती पिशवी देताना छायाचित्र घेऊ लागलो. देणगीदारांस हिशेब दाखविण्यास ते हवे होते, असे आमचे म्हणणे होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

रांगेत एक साठीची बाई होती. लुगडे चिखलाने भरलेले, पण डोक्यावरचा पदर नीट. तिची पाळी आली. छायाचित्र घेणारा मुलगा म्हणाला, "मावशी, इकडं बघा." तिने पदर तोंडावर ओढला आणि आम्हांस म्हणाली, "फादर, पिशवी ऱ्हाऊ द्या. लेकीच्या सासरी फोटू जाईल." आणि ती पिशवी मेजावर ठेवून निघून गेली.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आम्ही पंचवीस वर्षे वेदीवरून दयाधर्म शिकविला होता. एका निरक्षर बाईने एका वाक्यात आमची परीक्षा घेतली आणि आम्ही नापास झालो. तिचे घर पाण्यात गेले होते, भांडीकुंडी गेली होती; उरली होती ती फक्त लेकीच्या सासरची पत, आणि तीच आम्ही पिशवीची किंमत म्हणून मागत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिचा शोध घेऊन तिच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि विचारले, "काय पाहिजे?" ती म्हणाली, "खराटा, घमेलं आन् फिनेल. घरात ढोपराएवढा चिखल हाय." आमच्या पिशवीत बिस्किटे होती. आमच्या अंगणात जुन्या कपड्यांचा एवढा ढीग पडला होता की त्याचे काय करावे हे कळेना. खराटा एकही नव्हता. कारण आम्ही कोणाला विचारलेच नव्हते.

२०२१ सालच्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा आम्ही रीत बदलली. मेज नाही, फलक नाही, रांग नाही. आपल्या तरुणांनी वस्तीत फिरून प्रथम विचारले, मग गल्लीतल्याच किराणा दुकानदारांशी ठरवून घरोघर चिठ्ठ्या दिल्या. अमुक रकमेचे जे हवे ते घ्या. कोणी तेल घेतले, कोणी वह्या घेतल्या, एका आजीने शेवया घेतल्या. एका स्वयंसेवकाने आमच्याकडे तक्रार केली की, 'फादर, पुरात शेवया कशाला?' आम्ही म्हटले, 'तिच्या नातवाचा वाढदिवस असेल. आणि नसला तरी ती तिची चिठ्ठी आहे.' दुकानदाराच्या वहीवरून देणगीदारांस हिशेब मिळाला, तोही पिशव्यांच्या छायाचित्रांपेक्षा अधिक चोख. आज जगातील मोठमोठ्या मदत संस्थाही अनेक ठिकाणी निर्वासितांच्या हाती रोख रक्कम देतात. वळिवड्याच्या बाजारात ऐंशी वर्षांपूर्वी जे होते, तेथेच सारे फिरून येत आहेत.

आता दुसरी एक गोष्ट, आणि ही थोडी कडू आहे. पोलिश लोक आले, तेव्हा येथील मूठभर कॅथलिकांस ते आपले वाटले असतील यात नवल नाही. तीच मिस्सा, तीच जपमाळ, तीच पवित्र मरिया. ज्याच्या गळ्यात आपल्यासारखाच क्रूस आहे, त्याला जवळ करणे कठीण नसते. पण गोष्ट तेथे संपली नाही. १९४७ साली देशाची फाळणी झाली. १९४८ साली पोलिश लोक वळिवडे सोडून निघाले. कोणी इंग्लंडला, कोणी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, कोणी मायदेशी. आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहावयास आली. पोलिश लोकांना कराची बंदर आश्रयाच्या वाटेवर लागले होते. सिंधी लोकांना ते कायमचे सोडावे लागले. चुली त्याच, ओसऱ्या त्याच, फक्त रडण्याची भाषा निराळी. त्या लोकांनी भीक मागितली नाही. धंद्यास जागा मागितली. आज ज्या गांधीनगरात आपण लग्नसराईचे कापड घेण्यास जातो, ती पेठ म्हणजे ती छावणी. पश्चिम महाराष्ट्रातले आणि उत्तर कर्नाटकातले व्यापारी तेथे माल भरण्यास येतात. निर्वासित हा समाजाच्या गळ्यातील धोंड होय असे जो म्हणतो, त्यास गांधीनगरच्या बाजारात एक फेरी मारून आणावे.

परंतु आम्ही आपणांस विचारतो : पोलिश छावणीची आठवण आपण अभिमानाने काढतो, सिंधी छावणीची किती वेळा काढतो? महावीर उद्यानात पोलिश लोकांचे स्मारक आहे; २०१९ सालच्या सप्टेंबरात वळिवड्यास स्मृतिस्तंभ झाला; पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. हे पाहून आमचाही ऊर भरून येतो. पण गोऱ्या पाहुण्याने केलेली स्तुती आपणांस अधिक गोड लागते की काय, हेही मनाशी तपासून पाहावे.

ही खोड केवळ आपली नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा पोलंडने लक्षावधी युक्रेनी मातांना व मुलांना आपल्या देशात घेतले. पुष्कळ सामान्य कुटुंबांनी त्यांस आपल्या घरांतच खोल्या दिल्या. युक्रेनमध्ये शिकणारे आपले भारतीय विद्यार्थीही त्याच सीमेवरून सुखरूप बाहेर पडले आणि पोलंडातून विमानाने मायदेशी आले. नाताळच्या पूर्वसंध्येच्या भोजनात अवचित येणाऱ्या अतिथीसाठी एक ताट रिकामे मांडून ठेवण्याची पोलिश लोकांची जुनी चाल आहे; त्या वर्षी ते ताट खरोखर वाढले गेले. परंतु त्याच देशाच्या बेलारूसकडील सीमेवर, अवघ्या काही महिन्यांपूर्वी, २०२१ च्या हिवाळ्यात, इराक, सिरिया, अफगाणिस्तान येथून आलेली माणसे अरण्यात थंडीने कुडकुडत अडकून पडली होती, आणि त्यांतील काहींचा अंत झाला. तेथेही सीमेजवळच्या कित्येक रहिवाशांनी त्यांस गुपचूप अन्न व कपडे पोचविले. पण राष्ट्राचे दार त्यांस बंद राहिले. त्या राष्ट्रास दोष देण्यास आम्ही हे सांगत नाही; आपल्या हृदयाची घडण दाखविण्यास सांगतो. आपल्यासारखा दिसणारा आला की दार आपोआप उघडते; निराळा दिसला की आपण चौकशी सुरू करतो. शेवटच्या न्यायाच्या दृष्टान्तात प्रभूने 'मी परका होतो' असे म्हटले आहे. 'मी तुमच्यातला होतो' असे म्हटलेले नाही.

तो प्रभू स्वतः निर्वासित होता. हेरोदाच्या तलवारीपासून वाचविण्यास संत योसेफाने बाळ येशूला व त्याच्या मातेला घेऊन रातोरात मिसर देश गाठला. परमगुरुस्वामी पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी निर्वासितांविषयी जे धर्मपत्र काढले, त्यात या नाझरेथच्या पवित्र कुटुंबास सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे. मिसर देशात त्यांना कोणी आसरा दिला, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. परंतु कोणीतरी खोली दिली असेल. कोणीतरी त्या परक्या सुताराला लाकूड आणून दिले असेल आणि काम नीट झाल्यावर मजुरी मोजली असेल. त्या मिसरी माणसाला ठाऊकही नव्हते की आपण जगाच्या तारणाऱ्याच्या पित्याला रोजगार देत आहोत. त्याने फक्त मजुरी बुडविली नाही. स्वर्गाचे राज्य मिळविण्यास कधीकधी एवढेच पुरे असते.

२०२४ सालच्या अखेरीस युद्ध, छळ व दंगे यांमुळे घर सोडावे लागलेल्या माणसांची संख्या जगात १२ कोटी ३२ लाख होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने नमूद केले आहे. हा आकडा ऐकून आपण म्हणाल, 'फादर, आम्ही कोल्हापूरचे थोडेसे लोक काय करणार?' आम्ही म्हणतो, प्रथम दाराबाहेर पाहा. दर हिवाळ्यात बीडकडून ऊसतोडीची कुटुंबे आपल्या शिवारात येतात आणि पाचटाच्या खोपीत राहतात. शिरोलीच्या व गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत बिहारचे, ओडिशाचे तरुण भट्टीपुढे राबतात. ते युद्धाचे निर्वासित नव्हेत, हे खरे. पण आपल्या दारातील परके तेच आहेत, आणि ज्याने घरच्या परक्याशी नीट वागण्याचा सराव केला नाही, तो युद्धातून आलेल्याशी ऐनवेळी कोठून नीट वागेल? वळिवड्याची छावणी एका दिवसात सुचली नाही. वसतिगृहे बांधणाऱ्या शहराला ती सुचली.

म्हणून या महोत्सवाच्या स्मरणार्थ जो मदत निधी आपण उभारला आहे, त्याचे चार नियम आम्ही आज आपल्या संमतीसाठी मांडतो. एक : कोणाला काय हवे ते प्रथम विचारल्यावाचून काहीही वाटले जाणार नाही. दोन : घेणाऱ्याचे छायाचित्र काढले जाणार नाही, त्याचे नाव फलकावर लागणार नाही, आणि या स्मरणिकेतही छापले जाणार नाही. तीन : शक्य तेथे वस्तूऐवजी चिठ्ठी अगर पैसा, आणि त्याहूनही शक्य तेथे काम व त्या कामाची पुरती मजुरी. चार : जात, धर्म, भाषा विचारली जाणार नाही, आणि मदत घेणाऱ्यांपैकी निदान दोघे जण निधीच्या समितीत आपल्या बरोबरीने बसतील. शेवटच्या कलमावर आपल्यातील काही मान्यवरांनी नापसंती दर्शविली आहे हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांचा आम्ही आदर करतो. परंतु ज्याच्या विषयी ठरवावयाचे त्याला दाराबाहेर ठेवून ठरविणे ही आमची २०१९ ची चूक होती. ती आम्ही पुन्हा करू इच्छीत नाही.

आपल्या शहराच्या ख्रिस्ती दफनभूमीत काही पोलिश थडगी आहेत. सैबेरियाच्या हिमातून वाचून येथे येऊन जे निजले, ते तेथे निजले आहेत. वळिवडे म्हणजे स्वर्ग नव्हता. तेथे उकाडा होता, हिवताप होता, रणांगणावरून येणाऱ्या पत्रांची वाट पाहणे होते, आणि न आलेल्या पत्रांचा शोक होता. गेलेले घर कोणीही कोणाला परत देऊ शकत नाही. परंतु घर गेलेल्या माणसाला माणूस म्हणून राहू देणे आपल्या हाती असते, आणि तेवढे या भूमीने केले. म्हणूनच जे जगले ते म्हातारपणी, काठ्या टेकीत, पुन्हा पुन्हा हे गाव पाहण्यास आले. ज्याला आपण केवळ पोसले, तो आपले दार पुन्हा पाहू इच्छीत नाही. त्या दारी त्याची मान वाकलेली असते. ज्याची मान आपण राखली, तोच परत येतो.

येत्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, आपण सर्वांनी त्या थडग्यांवर मेणबत्त्या लावाव्यात, आणि त्याच आठवड्यात गांधीनगरातील एखाद्या वृद्ध सिंधी शेजाऱ्याकडे जाऊन त्याच्या बालपणाची हकिकत ऐकावी, अशी आमची विनंती आहे. आणि त्या चिखलातल्या माउलीसाठीही एक प्रार्थना करावी. आज ती आपल्याच नगरात कोठेतरी सुखाने नांदत आहे. तिचे नाव आम्ही सांगणार नाही.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामास आणखी पुष्कळ वर्षे देवो, आणि त्या वर्षांत आपल्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाची मान ताठ ठेवण्याची बुद्धी आपणांस देवो. आमेन.